टेबलापलीकडचा हुंकार

औषधाच्या खोक्यात घडी घालून ठेवलेला एक पातळ कागद असतो. खोके उघडले की आधी तोच हाताला लागतो, बाटली मागाहून येते, आणि बहुतेक घरांत तो न उलगडताच चुरगळला जातो. पण छापण्याआधी कोणीतरी तो अक्षर न अक्षर वाचलेला असतो, आणि तोही एकट्याने नाही, दोघांनी मिळून. ताई त्या दोघांपैकी एक होती.

ती एका मोठ्या छापखान्याच्या तपासणी विभागात होती. तिथली रीत जुनी आणि साधी. टेबलाच्या एका बाजूला बसलेला माणूस औषध कंपनीकडून आलेली मूळ प्रत हातात धरून मोठ्याने वाचतो. नुसते शब्द नाहीत, तर स्वल्पविराम, पूर्णविराम, दशांशचिन्ह, सगळे उच्चारून. समोर बसलेला दुसरा माणूस छपाईसाठी जुळवलेल्या मजकुरावर डोळा ठेवतो आणि ओळ जुळली की "हं" म्हणतो. हं म्हणजे पाहिले, जुळले, पुढे चला. नाही जुळले तर "थांबा". टेबलाच्या त्या बाजूला तिसरा शब्द नसतो.

ताई हं म्हणायची आणि वाचायचे काका. त्यांना सगळा छापखाना रेडिओकाका म्हणे. आवाज खणखणीत, चढ नाही, उतार नाही. ते झोपेतसुद्धा पूर्णविराम म्हणतात, असे त्यांच्या सूनबाई सांगत, आणि काका ते नाकारत नसत. वर्षानुवर्षे दोघे एकाच टेबलाशी बसले. ताईने डोळे चोळले की काका आपणहून वाचणे थांबवून चहा मागवायचे. एक पत्रक संपून दुसरे हाती येईपर्यंत सुनांचे, शेजाऱ्यांचे, गुडघ्यांचे सगळे विषय होऊन जायचे. वेळ वाया जातो असे कोणाला तेव्हा वाटत नव्हते.

मग कामाची नवी पद्धत आली: आठवड्यातले काही दिवस घरून, काही दिवस ऑफिसात. काकांना घरी बसायची मुभा होती, पण ते रोज येत राहिले. म्हणायचे, "घरी मोठ्याने वाचायला बसलो की नातवंडं म्हणतात, आजोबांनाच कुणीतरी औषध द्या." ताईला मात्र ही पद्धत म्हणजे बुडत्याला काडी सापडावी तशी झाली. तिची आई तिच्यापाशी असे. आईचे डोके ठीक होते, पाय ठीक नव्हते, आणि पाय ठीक नाहीत एवढीच एक गोष्ट ते ठीक असलेले डोके नेमके विसरे. तिला एकटे ठेवणे शक्य नव्हते. ऑफिसच्या दिवशी समोरच्या टेलरवहिनी येऊन बसत, पण त्यांचे शिवणकाम होते, गिऱ्हाइके दारात यायची; रोज त्यांना जमण्यासारखे नव्हते. भावाचा उपाय तयार होता. तो लांबच्या शहरात राहायचा आणि दर फोनला एका संस्थेचे नाव काढायचा. तिथे म्हाताऱ्या माणसांची उत्तम सोय होते म्हणे. आईला त्या संस्थेचा कागद एकदा दाखवला होता, तेव्हा ती दोन दिवस जेवली नव्हती. घरचे दिवस होते म्हणून तो विषय मागे पडला होता.

मूळ प्रत छापखान्याबाहेर न्यायची नाही, हा नियम होता. म्हणून ताईच्या घरच्या दिवशी काका ऑफिसातल्या टेबलाशी प्रत घेऊन बसत, ताई घरी संगणकावर जुळवलेला मजकूर उघडून बसे, आणि मधे कानाला लावायचे ते बिनतारी यंत्र. काका वाचत, ताई हं म्हणे. काम उरकायचे. पण लाइन सुरू व्हायची ती वाचायला आणि बंद व्हायची ती सही झाल्यावर. चहा गेला, गुडघे गेले. काही महिन्यांत दोघांच्या बोलण्यात पत्रकाबाहेरचा शब्द उरला नाही, आणि त्यात कोणाचा दोष आहे असे दोघांनाही म्हणता आले नसते.

त्यातच विभागप्रमुख म्हणून नव्या मॅडम आल्या. वयाने लहान, चालायला वेगवान. त्यांनी दाराशी एक मोठा पडदा लावला. त्यावर प्रत्येक जोडीने किती पाने वाचली आणि किती वेळा थांबली ते दिसे; घरून वाचणाऱ्या जोड्या एका रंगात, ऑफिसातल्या दुसऱ्या. शिवाय दर पंधरवड्याला संगणकावर प्रश्न यायचा, कामात मन किती रमते? खाली रडक्या तोंडापासून हसऱ्या तोंडापर्यंत चित्रे. नाव कळत नाही असे वर लिहिलेले असे. ताई दर वेळी सर्वांत हसरे तोंड दाबायची. नाव कळत नाही यावर विश्वास ठेवायला ती काही कालची पोर नव्हती.

पुढच्या महिन्यात आकडे बघून कोणाचे घरचे दिवस चालू ठेवायचे ते ठरणार, अशी कुणकुण लागली. ताईचे थांबे जास्त होते. दारावर दूधवाला आला, थांबा. आईने हाक मारली, थांबा. पडद्यावर तिची जोडी खालून दुसरी होती. तेव्हापासून ताईने थांबा म्हणणे हळूहळू सोडून दिले. आई हाक मारायची, ताई दारातून हातानेच "आले" अशी खूण करायची आणि तोंडाने काकांना हं म्हणायची. यंत्र बिनतारी होते. माणूस खोलीतून उठून गेला तरी हुंकार जागेवरच राहायचा.

मग ती दुपार आली. पत्रक लहान मुलांच्या तापाच्या औषधाचे होते. औषध जुनेच, पत्रक नव्याने लिहिलेले. काका मात्रेच्या कोष्टकाला आले होते, किती वजनाच्या मुलाला किती औषध, आणि आतल्या खोलीत धप्प आवाज झाला. त्या आवाजात ओरडणे नव्हते.

ती उठली. यंत्र कानावर होते. थांबा हा शब्द ओठांपर्यंत आला आणि पडद्यावरच्या आकड्याला अडकून तिथेच राहिला. ती म्हणाली, "हं."

आई पलंग आणि खुर्ची यांच्या मधे पडली होती. कपाळ फुटले होते. ताई खाली बसली, आईच्या काखेत हात घातले, आणि कानात काकांचा आवाज चालूच होता: दशांशचिन्ह, पाच, मिलिलिटर, पूर्णविराम. "हं." उशी मानेखाली. "हं." पदर कपाळावर दाबून धरलेला. "हं." आईने डोळे उघडून विचारले, कोणाशी बोलतेस? ताईने ओठांवर बोट ठेवले. आपल्याच आईला, रक्त येत असताना, तिने गप्प केले. आईला कसेबसे पलंगावर टेकवून ती टेबलाशी परतली तेव्हा कोष्टक संपले होते आणि काका 'हे औषध कोणास देऊ नये' या भागात शिरले होते. उरलेले पत्रक तिने डोळे लावून वाचले, शेवटी सहीचे बटण दाबले. काका "चला" म्हणाले आणि लाइन बंद झाली.

खालच्या दवाखान्यातले डॉक्टर वर आले. जखम वरवरची होती. कपाळाला पट्टी लावून, दिवा दाखवून डोळे तपासून, आईची थट्टा करून ते गेले. ताईने फरशी पुसली. चहा केला. आई झोपली. आणि सगळे जागच्या जागी लागल्यावर ताईला भीती वाटायला लागली.

आधी तिला वाटले, ही आईचीच भीती, उशिरा पोचलेली. मग कळले की ही वेगळी आहे. तिने संगणक उघडला. सही झालेले पत्रक तिथून नाहीसे होते. ते थेट छपाईकडे जाते. मूळ प्रत काकांच्या कपाटात. कोष्टकातला एकही आकडा तिने पाहिला नव्हता आणि आता तिला तो पाहता येणार नव्हता. तिने आठवायचा प्रयत्न केला. काकांचा आवाज आठवत होता, आकडे आठवत होते, पण ते काकांनी वाचलेले आकडे. कागदावर काय होते ते फक्त तिने बघायचे होते.

तिने स्वतःची समजूत घातली. जुळवणारी मुले काळजीने जुळवतात. महिनोन्महिने एक चूक सापडत नाही. सापडली तरी एखादा स्वल्पविराम. पण दशांशचिन्ह म्हणजे तरी काय, एक ठिपका. तो गळला तर अडीचचे पंचवीस होतात. वरच्या मजल्यावरचे तान्हे मूल रडायला लागले आणि ताई दचकून उभी राहिली. ते पत्रक अजून कागदावरही उतरलेले नाही, वरच्या मुलाशी त्याचा काही संबंध नाही, हे तिला पक्के माहीत होते. तरी मूल गप्प होईपर्यंत ती छताकडे बघत राहिली.

सांगितले तर काय होईल ते तिला स्पष्ट दिसत होते. घरचे दिवस गेले. टेलरवहिनी रोज येणार नाहीत. भाऊ संस्थेचे नाव काढेल आणि या वेळी तिच्यापाशी उत्तर नसेल. शिवाय त्या सहीत काकांचीही सही होती, आणि काकांची निवृत्ती उंबरठ्यावर आली होती. न सांगितले तर बहुधा काहीच होणार नव्हते. हा 'बहुधा' तिच्या छातीवर येऊन बसला. रात्री तिने देवाचे नाव घेतले, जप झाला, पण प्रत्येक नावानंतर तोंडातून आपोआप हं येत होते. शेवटी तिने जपही सोडला.

सकाळी तिने टेलरवहिनींचे दार वाजवले. आजचा दिवस त्यांचा नव्हता. "अगंबाई, घरून काम ना आज? की ऑफिसलाच तुझी आठवण आली?" वहिनींनी चेष्टा केली, मग तिचा चेहरा पाहून तोंडात धरलेल्या टाचण्या काढल्या आणि किल्ल्या उचलून निघाल्या.

छापखान्याच्या दाराशी पडदा उजळलेला होता. ताईने न बघता पुढे जायचे ठरवले होते, पण नजर गेलीच. कालच्या दिवसात सगळ्यांत वर तिची आणि काकांची जोडी होती. थांबे: शून्य. ती तिथेच थबकली, आणि मागून येणाऱ्या एकाने तिचे अभिनंदन केले.

काका टेबलाशी होते. ती समोरच्या खुर्चीत बसली आणि तिने सांगून टाकले. कोष्टक मी पाहिले नाही. आई पडली होती. मी आतल्या खोलीतून हं म्हणत होते. बोलताना तिने काकांच्या चष्म्याकडे पाहिले, डोळ्यांकडे नाही. ते ओरडतील याची तिने तयारी केली होती. ते ओरडले नाहीत.

"आई कशी आहे?" त्यांनी आधी विचारले. बरी आहे म्हटल्यावर ते कितीतरी वेळ मूळ प्रतीवरची नसलेली धूळ झाडत राहिले. मग आवाज उतरवून म्हणाले, "मला कळलं होतं."

ताईला समजेना.

"कोष्टकाला तू नेहमी उशिरा हं म्हणतेस. आकडा दोनदा बघायची तुझी सवय आहे, ती मला काय आज कळतेय? काल हं लगेच येत होतं. घड्याळासारखं. मी ओळखलं, काहीतरी चुकतंय."

"मग थांबला का नाहीत, काका?"

"मला वाटलं, तू कंटाळलीस. या म्हाताऱ्याचा आवाज ऐकून ऐकून विटलीस, आणि कसंतरी उरकतेयस. समोर असतीस तर तोंड बघून कळलं असतं. फोनवर काय विचारू? आणि विचारायला थांबलो असतो तर पडद्यावर माझ्या नावापुढे थांबा लागला असता. म्हातारा हळू झाला, असं आधीच म्हणतात." त्यांनी चष्मा काढला. "मीही भ्यालो, ताई. तू आईपायी भ्यालीस. मी कशापायी, ते सांगायचीसुद्धा लाज वाटते."

दोघे उठून मॅडमच्या खोलीत गेले. मॅडमनी मधे एकदाही न थांबवता ऐकून घेतले, फोन उचलला आणि छपाईच्या मिस्त्रीला यंत्र बंद करायला सांगितले. तो पलीकडून काहीतरी कुरकुरला. मॅडम म्हणाल्या की मी खाली येतेच आहे. खाली कागदाचे ताव एकावर एक रचलेले होते. मॅडमनी विचारले, किती माल बाहेर गेला? मिस्त्री म्हणाला, "बाहेर कुठला, बाई? अजून शाई वाळायचीय. हात लावू नका, साडीला लागेल." मॅडम साडी नेसत नसत, पण कोणी हसले नाही.

त्यातला खालचा, वाळलेला एक ताव वर नेला. काका आपल्या बाजूला, ताई आपल्या बाजूला, मॅडम उभ्या. काकांनी कोष्टक वाचले. ताईने एकेक आकडा बोटाखाली धरला, दोनदा पाहिला आणि मगच हं म्हटले. कोष्टक संपले. एकही चूक नव्हती. प्रत्येक ठिपका आपल्या जागी होता.

काकांनी प्रत खाली ठेवली. ताईला रडू यायला हवे होते, पण भीती काही उतरेना. कशामुळे ते तिला सांगता येत नव्हते. ती म्हणाली, "काका, शेवटपर्यंत वाचा."

"पुढचं तर तू पाहिलंयस."

"वाचा तुम्ही."

काका वाचू लागले. कोणास देऊ नये. पहिली ओळ, हं. दुसरी ओळ, हं. तिसऱ्या ओळीवर काकांनी वाचले की यकृताचा आजार असलेल्या मुलांस हे औषध देऊ नये, पूर्णविराम. ताईच्या बोटाखाली लिहिले होते, यकृताचा आजार असल्यास डॉक्टरांना विचारून द्यावे.

"थांबा," ती म्हणाली.

ते जुन्या पत्रकातले वाक्य होते. नवे जुळवताना ते तसेच राहून गेले होते. आणि ते तिने काल पाहिले होते, खुर्चीत बसून, मजकुरावर डोळे लावून. डोळे ओळीवर होते आणि ती आतल्या खोलीत, रक्ताच्या पदरापाशी. आतल्या खोलीतून दिलेल्या हुंकारांनी काही बिघडले नव्हते. बिघडले ते जागेवर बसून दिलेल्या हुंकाराने. आजवर किती पत्रके अशी गेली असतील, हा विचार दारात उभा होता, आणि तिने त्याला आत घेतले नाही, कारण घेतला असता तर ती तिथून उठू शकली नसती. मॅडमनी तिने घरून केलेले मागचे सगळे काम पुन्हा तपासायला काढायला सांगितले, तेव्हा तो विचार आपणहूनच आत आला.

मॅडम खुर्चीत बसल्या. बसल्यावर त्या फारच लहान दिसायला लागल्या. "काल संध्याकाळी मी त्या पडद्याचा फोटो मोठ्या साहेबांना पाठवला," त्या म्हणाल्या. "बघा, घरूनही कसं चोख काम होतं, असं लिहून. आता त्याच साहेबांना हे कळवायचंय." मग स्वतःशीच बोलावे तसे म्हणाल्या की मला वाटले होते, थांबे कमी झाले म्हणजे लोक रमले.

काकांना राहवले नाही. "मॅडम, रमलेला माणूसच थांबतो. न रमलेल्याला काय, त्याला पुढेच जायचं असतं."



दुपारपर्यंत निर्णय झाला. दोघांना लेखी ताकीद. काकांच्या आयुष्यातली ती पहिली. पडद्यावरचा थांब्यांचा रकाना काढायचा. आणि दोघांनी मिळून करायचे वाचन यापुढे एकाच टेबलाशी, सगळ्या जोड्यांसाठी, रोज. मॅडम म्हणाल्या की ही शिक्षा नाही, नियम आहे. पण ज्यांचे घरचे दिवस गेले त्यांना त्यातला फरक कळणार नव्हता. दुसऱ्या जोडीतली एकजण, जिचे मूल जेमतेम पाळणाघरात जाण्याएवढे होते, ताईकडे न बघता पाण्याची बाटली भरून निघून गेली.

संध्याकाळी तिने टेलरवहिनींना विचारले. वहिनी नाही म्हणाल्या तर पुढचा फोन भावाला होता. वहिनी लगेच हो म्हणाल्या नाहीत. गिऱ्हाइके, मापे, मशीन, असे बरेच बोलल्या. शेवटी म्हणाल्या, मशीनच इकडे आणून ठेवते, पण लग्नसराई लागेपर्यंतच हं, पुढचं मला सांगता यायचं नाही. ताईने त्यांचे हात धरले. लग्नसराई काही फार लांब नव्हती.

आईला तिने रात्री जेवताना सांगितले. आईने कपाळावरची पट्टी चाचपली आणि विचारले, "म्हणजे मला तिकडे धाडणार?"

"नाही."

"नक्की?"

ताईला नक्की म्हणता येईना. खोटे हं तिच्या तोंडातून आता निघत नव्हते. ती म्हणाली, "आत्ता नाही, आई. आत्ता एवढंच सांगू शकते." आईने पुढचा घास घेतला नाही, पण ताटही सरकवले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मशीन आले, खिडकीपाशी लागले. ताईने पाणी हाताशी ठेवले, खुर्ची दूर सरकवली, चपला घातल्या आणि दार ओढून घेतले. मग ती गेली नाही. दाराला कान लावून जिन्यात उभी राहिली. आत काहीच ऐकू येत नव्हते. ती किल्ली काढून पुन्हा आत शिरणार, एवढ्यात मशीन खडखडले, आणि त्यावरून आईचा आवाज आला, की शिवण वाकडी चाललीय, उसवा ती.

वहिनींनी काय उत्तर दिले ते ऐकायला ताई थांबली नाही. उशीर झाला होता.